कुरणातील पायवाट
इंग्लंडातील पीक डिस्ट्रिक्टच्या पायवाटा थेट गायींच्या कुरणांतून जातात. मुलांकडे गेल्यावर त्यांच्या कुत्र्याला तेथे फिरवणार असाल, तर आपल्याकडील गरीब गायीची कल्पना घरीच ठेवा. वासराजवळची गाय कुत्र्याला लांडगाच समजते. २००९ मध्ये ब्रिटनचे माजी गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांची बरगडी तेथेच, गाय अंगावर आल्याने मोडली. सोबत त्यांचा मार्गदर्शक कुत्रा होता. कुत्र्याची साखळी आखूड धरा, कळपाला लांबून वळसा घाला. गाय धावून आलीच, तर साखळी सोडून द्या; कुत्रा निसटतो, त्याला उचलून घेणारे आजोबा मात्र तुडवले जातात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला मार लागताच, जखम दिसो वा न दिसो, तत्काळ रुग्णालय गाठा.