प्रवाशाची नोंद

रेल्वेच्या तिकिटामुळे ‘पीएनआर’ ही तीन अक्षरे आपल्या घराघरांत परिचयाची आहेत. ‘पॅसेंजर नेम रेकॉर्ड’ हा त्यांचा विस्तार मात्र थोड्यांनाच ठाऊक असावा. विमानप्रवासात ही नोंद फार बोलकी होते. नाव-पत्ता तर तीत असतोच. शिवाय पैसे कसे भरले, सोबत कोण, सामान किती, हेही येते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने विमान कंपन्यांकडे ह्या नोंदी मागितल्या. युरोपने २००४ साली तसा करार केला. २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायदेशीर आधाराच्या मुद्द्यावर रद्द ठरविला. २०१२ च्या करारानुसार ह्या नोंदी १५ वर्षांपर्यंत ठेवता येतात. सहा महिन्यांनी नाव झाकायचे, पण पुसायचे नाही!

आम्हांला सर्वाधिक अस्वस्थ करतो तो जेवणाचा रकाना. कोणी कोशर मागतो, कोणी हलाल, कोणी जैन भोजन. भूक सांगता सांगता माणूस आपला धर्म सांगून जातो. (आमच्या वसईकरांना समोर येईल ते चालते, ही गोष्ट निराळी.) व्हीलचेअर मागणारी आजी आपले दुखणे उघड करते. कॅनडाशी होऊ घातलेला करार त्या स्वरूपात करता येणार नाही, असे युरोपीय न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये सांगितले, त्यामागे अशा नाजूक माहितीची चिंताही होती.

हे सारे परदेशातले, असे समजून स्वस्थ बसण्याची सोय नाही. आखाताला किंवा कॅनडाला मुले गेली नाहीत असे घर आपल्या धर्मग्रामात विरळाच. भारत सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये नियम करून आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या नोंदी सीमाशुल्क खात्याकडे २४ तास आधी पाठविण्याचे बंधन घातले. त्या पाच वर्षे राहतात. धर्म, वंश, आरोग्य उघड होईल असा वापर करू नये, असे त्या नियमांतच लिहिले आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. परंतु २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही केंद्राला मोकळी ठेवली आहे.

दहशतवाद्याला विमानात चढू देऊ नये, ह्याबद्दल आमचे दुमत नाही. निरपराध प्रवासी परतून घरी झोपी गेल्यावर त्याची नोंद वर्षानुवर्षे जागी का राहावी, एवढेच आम्ही विचारतो. युरोपीय न्यायालयाने जून २०२२ मध्ये हाच प्रश्न धरला आणि ज्यांच्याविषयी धोक्याचा कोणताही दुवा दिसत नाही, अशा प्रवाशांच्या नोंदी सहा महिन्यांपलीकडे सरसकट ठेवण्यास नकार दिला.