तळ्याकाठच्या दोन रात्री

दिवाळी सरून वसईच्या हवेत किंचित गारवा आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, आईला दोन दिवस बाहेर नेलं तर चालेल का?" विचारणारा मुलगा असतो किंवा सून, शेजारी बसलेली आई मात्र गप्प असते. "औषधे सोबत ठेवा, दगदग टाळा," एवढेच माझे ठरलेले उत्तर. गेल्या जानेवारीत हाच प्रश्न आमच्या घरी उभा राहिला. त्या सहलीत मला माझ्या आईविषयी एक गोष्ट कळली, जी तिच्या तपासण्यांच्या जाड फाइलीत कुठेच नव्हती. आपल्याही घरी ती असण्याचा संभव आहे, म्हणून हा लेख.

आईचे वय ८१. मधुमेह, रक्तदाब आणि झिजलेले दोन्ही गुडघे. ती धाकट्या भावाकडे राहते. तिचे सारे माझी भावजय पाहते. हॉटेलच्या पायऱ्या, अनोळखी न्हाणीघर, उकिडवे बसायचे शौचालय यांच्या धास्तीने आई चार वर्षांत कुठे मुक्कामाला गेली नव्हती. अर्थात भावजयही गेली नव्हती. तेव्हा भाच्याने कॅराव्हॅनचा पर्याय सुचवला. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर : झोपण्याचे बाक, छोटा ओटा आणि कमोड असलेले न्हाणीघर. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. आम्ही चालकासह एक गाडी भाड्याने घेतली. ती दारात उभी राहताच आई म्हणाली, "वज्रेश्वरीच्या जत्रेला आम्ही अशीच गाडी घेऊन जायचो. फक्त पुढे बैल असायचे."

पहाटे निघालो. चिंचोटी, कामण, भिवंडी करत नाशिक महामार्गाला लागलो. कसारा घाट चढून इगतपुरी आणि घोटी गाठली. घोटीला महामार्ग सोडला की त्याचा गोंगाट मागे राहतो आणि सह्याद्री जवळ येऊ लागतो. कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच, रस्त्यावरूनच दिसते. गुडघे दुखणाऱ्यांनाही ते डोळे भरून पाहता येते, हे या वाटेचे औदार्य.

भंडारदऱ्याचा जलाशय प्रवरा नदीवरील विल्सन धरणाने अडवलेला आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेले हे धरण सुमारे ११ टीएमसी पाणी साठवते. भोवतालचा मुलूख कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. पावसाळ्यात इथे धबधब्यांसाठी आणि वळवाच्या सुमारास काजव्यांसाठी मोठी गर्दी लोटते. हिवाळ्यात मात्र पाणी निवांत असते, पाऊलवाटा कोरड्या असतात. वृद्धांना घेऊन यायचे तर हाच काळ उत्तम. शेंडी गावाच्या पुढे, काठावरच्या एका शेतकऱ्याच्या सपाट जागेत आमची गाडी उभी राहिली. दुपारी त्यांच्या चुलीवरची नागलीची भाकरी आणि पिठले जेवलो.

सायंकाळी आई पाण्याकाठी खुर्चीत बसली होती. रतनगडामागे सूर्य उतरला, तशी ती आत जायला उठली आणि एकदम झोकांडली. भाच्याने सावरले म्हणून पडली नाही. मी तिला आत निजवले. साखर ठीक होती, पण जीभ कोरडी. रक्तदाब आधी निजलेल्या स्थितीत मोजला, मग आधार देऊन उभे करून पुन्हा मोजला. वरचा आकडा २० पेक्षा अधिक उतरला होता. उभे राहताना रक्तदाब असा घसरला की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. शरीरात पाणी कमी असणे हे त्याचे एक नित्याचे कारण. आईच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असल्याने त्यात भरच पडली. चौकशी करता कळले, की पहाटेपासून तिच्या पोटात एक कप चहा आणि जेवतानाचे दोन घोट पाणी, एवढेच गेले होते. मी समोर बसून होते, आणि माझ्या ते ध्यानात आले नव्हते.

तिला थोडेथोडे पाणी पाजले, पायांखाली उशी दिली. तासाभरात ती सावरली. त्या रात्री तिच्या शेजारी मी निजायचे ठरवले. "ताई, तुम्ही झोपा, मला सवय आहे," भावजय म्हणाली. मी ऐकले नाही. आई तीनदा उठली. दर खेपेला दिवा लावणे, चपला पुढे करणे, हात धरणे, परत पांघरूण घालणे. 'तुम्हीही पुरेशी झोप घेत जा,' असे शुश्रूषा करणाऱ्यांना मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे. त्या सल्ल्याचा अर्थ मला त्या रात्री कळला.

दुसऱ्यांदा उठली तेव्हा मी विचारले, "प्रवासात पाणी का नाही प्यायलीस?"

"गाडीत सगळ्यांसमोर कशी जाऊ?"

"आणि घरी?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग भावजयीच्या बाकाकडे पाहत हळूच म्हणाली, "घरीसुद्धा चारनंतर पाणी पीत नाही मी. रात्री तिला किती वेळा उठवायचं?"

घरी प्रत्येकाची खोली निराळी असते. तिथे जे झाकून राहिले होते, ते हातभर अंतरावर चार बाक असलेल्या गाडीत पहिल्याच रात्री उघडे पडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही क्रम बदलला. सकाळपासून दर तासाला अर्धा पेला पाणी, मध्येच पातळ ताक. रात्री निजण्यापूर्वीचे दोन तास मात्र मोजकेच. कमोडच्या दाराला भाच्याने जाड पडदा लावला, आणि आईची भीड संपली. रतनवाडीच्या प्राचीन अमृतेश्वर मंदिरापर्यंत गाडीनेच गेलो. कोरीव खांबांवरून हात फिरवत ती सावकाश चालली. त्या रात्रीही मीच तिच्याजवळ निजले. ती दोनदाच उठली. सकाळी ऊन पाण्यावर आले, चहा झाला, तरी भावजय झोपलेलीच होती. आईने बोट ओठांवर ठेवून आम्हाला गप्प बसवले.

आता घरी आठवड्यातल्या तीन रात्री भाऊ आणि भाचा वाटून घेतात. आईच्या उशाशी खुणा केलेली पाण्याची बाटली असते. कोणत्या वेळेपर्यंत कोणत्या खुणेपर्यंत यायचे, हे तिला ठाऊक आहे.

आपण निघण्यापूर्वी

• वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. तहान लागण्याची वाट पाहू नका. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यावी, हेही त्यांनाच विचारा.

• दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून वृद्धांना चार पावले चालवा. उठताना आधी बसावे, थोडे थांबावे, मग उभे राहावे.

• मधुमेह असल्यास जेवणाची वेळ चुकवू नका. साखर हाताशी ठेवा. इन्सुलिन उन्हात किंवा थेट बर्फावर ठेवू नका.

• शेकोटी बाहेरच. पेटती शेगडी तंबूत किंवा गाडीत कधीही नेऊ नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो.

• विजेरी, घट्ट बसणाऱ्या चपला आणि औषधांची लेखी यादी उशाशी असावी. जवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे ते पोचल्यावर विचारून घ्या, रुग्णवाहिकेसाठी १०८.

• रात्री कोण जागणार, हे निघण्यापूर्वीच ठरवा. घरी जी व्यक्ती रोज जागते, तिचे नाव त्या यादीत नसावे.