पुस्तकाची ओळख किती ओळींची?

पुस्तक स्कॅन करणे हे तसे यांत्रिक काम आहे. ते पुस्तक उद्या कोणाला आणि कशावरून सापडावे, हे ठरवणे यांत्रिक नाही. धाराशिव जिल्ह्यातील एका जुन्या वाचनालयाच्या डिजिटल संग्रहासाठी नोंदींचा तक्ता आखण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिला प्रश्न हाच होता : एका पुस्तकाविषयी किती माहिती लिहायची? संगणकाच्या परिभाषेत या माहितीला ‘मेटाडेटा’ म्हणतात. ग्रंथपाल ती तालिकापत्रावर पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आले आहेत.

मते दोन होती. काहींना शीर्षक, लेखक आणि वर्ष एवढेच पुरेसे वाटत होते. काहींना आवृत्ती, मुद्रक, विषय, पृष्ठसंख्या असे सगळेच हवे होते. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून निघालेल्या ‘डब्लिन कोअर’ पद्धतीच्या मूळ संचात पंधरा घटक आहेत. पण त्यांतला एकही सक्तीचा नाही. म्हणजे निर्णय शेवटी आपलाच. समजा, पुस्तके चार हजार आहेत. प्रत्येकी वीस मिनिटे दिली, तर तेराशेहून अधिक तास लागतात. पाच मिनिटे दिली, तर सुमारे तीनशे तेहतीस. वाळवी आपल्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही.

तरीही फार त्रोटक नोंदही परवडत नाही. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पात लाखो पुस्तके स्कॅन झाली; परंतु कित्येक मराठी शीर्षके रोमन लिपीत आणि वाटेल तशा वर्णलेखनात नोंदली गेली. पुस्तक संग्रहात असते, पण शोधणाऱ्याला मिळत नाही. उलट शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली. तिच्यातील नोंदी आटोपशीर आहेत, आणि अभ्यासकांना ती आजही लागते.

मराठवाड्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. मग ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ पासून लातूरमध्ये आहे. उस्मानाबादचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. निजामी राजवटीतील छापील कागदांवर फसली सन आढळतो, मराठी पुस्तकांवर शके. तेरच्या संताला कोणी गोरा कुंभार म्हणून शोधील, कोणी गोरोबाकाका म्हणून. अशा वेळी पुस्तकावर छापलेले ‘उस्मानाबाद’ खोडून ‘धाराशिव’ लिहिणे हा इतिहासावर अन्याय ठरेल, आणि नुसते ‘उस्मानाबाद’ ठेवणे हा उद्याच्या विद्यार्थ्यावर. छापले आहे तसे लिहावे आणि शेजारी आजचे रूप जोडावे, हाच मार्ग उरतो.

या सगळ्यातून माझ्यापुरता एक निकष हाती आला. पुस्तकात जे छापलेले आहे, ते उद्याही नोंदवता येईल. पानाचे चित्र जपलेले असले की पृष्ठसंख्या किंवा मुद्रकाचे नाव कुठे जात नाही. देवनागरी अक्षरे वाचणारी संगणकीय साधनेही दिवसेंदिवस सुधारत आहेत. पण जे छापलेले नाही, त्याचे काय? वाचनालयात एक स्थानिक स्मरणिका होती. तिच्यातील कवितांखाली केवळ आद्याक्षरे. ती शेजारच्या गावातील एका शिक्षकाची आहेत, हे तिथल्या वृद्ध ग्रंथपालांना ठाऊक होते. कोणत्या वकिलाच्या घरून कोणती पुस्तके आली, हेही त्यांनाच माहीत. दाखल नोंदवहीत फक्त ‘देणगी’ एवढाच शब्द. ग्रंथपालांचे वय ऐंशीच्या पुढे आहे.

म्हणून तक्त्यात सर्व पुस्तकांसाठी सहाच रकाने ठेवले : शीर्षक, लेखक, प्रकाशनस्थळ, वर्ष, भाषा आणि दाखल क्रमांक. सातवा रकाना ‘टीप’ असा मोकळा सोडला. तो सक्तीचा नाही, पण काम त्याच्यापासून सुरू करायचे ठरले. स्कॅनरआधी ध्वनिमुद्रणाचे यंत्र नेले आणि ग्रंथपालांसमोर एकेक कपाट उघडले.

विषयवार वर्गीकरण अजून व्हायचे आहे. ते पुढचा कोणी विद्यार्थी करील, कदाचित आमच्यापेक्षा चांगले करील. कपाटांसमोर बसून ग्रंथपालांनी जे सांगितले, ते मात्र त्याला दुसरीकडे कुठेही मिळाले नसते.