चिठ्ठ्या काढून मिळालेली खात्री

परीक्षेचं वेळापत्रक लावणारा प्रत्येक जण स्वतंत्र संच शोधत असतो. एकही विद्यार्थी सामाईक नसलेले विषयच एका वेळी ठेवता येतात. प्रत्येक विषयासाठी एक बिंदू घ्या आणि विद्यार्थी सामाईक असतील तिथे दोन बिंदू रेषेने जोडा. हा झाला ग्राफ. ज्या बिंदूंमध्ये आपसांत एकही रेषा नाही, त्यांचा गट म्हणजे स्वतंत्र संच. असा सर्वांत मोठा गट शोधण्याची, कुठल्याही ग्राफला चालेल अशी झटपट रीत आजवर कुणाला सापडलेली नाही.

इथे संभाव्यता कशी कामी येते, हे मी वर्गात पीटरसनच्या ग्राफवर दाखवतो. बाहेर पंचकोन, आत पाच टोकांची चांदणी आणि बाहेरचा प्रत्येक कोपरा आतल्या एकेका टोकाला जोडलेला. बिंदू १०, प्रत्येकाला शेजारी ३. बिंदूंच्या नावांच्या चिठ्ठ्या करून एकेक काढायची. तिन्ही शेजाऱ्यांच्या आधी जो निघेल तो बिंदू ठेवायचा, नाहीतर सोडायचा. दोन शेजारी एकमेकांच्या आधी निघू शकत नाहीत, म्हणून ठेवलेले बिंदू स्वतंत्रच. तो बिंदू आणि त्याचे शेजारी मिळून चौघे. त्यांत पहिला निघण्याची शक्यता प्रत्येकाची सारखी, १/४. दहा बिंदूंची बेरीज अडीच. सरासरी अडीच असेल, तर एखाद्या तरी क्रमात तीन बिंदू मिळालेच पाहिजेत. (खरा आकडा चार आहे.)

एका बिंदूची निवड दुसऱ्याच्या निवडीत गुंतलेली असते, तरी शक्यतांची बेरीज बिनदिक्कत करता येते. सरासरीला त्या गुंत्याची बाधा होत नाही. साऱ्या युक्तीचं बळ मला इथे दिसतं. हीच बेरीज कुठल्याही ग्राफवर करता येते. ज्याला d शेजारी, त्या बिंदूचा वाटा १/(d+१). सर्वांत मोठा स्वतंत्र संच निदान या वाट्यांच्या बेरजेएवढा असतोच; यायर कारो (१९७९) आणि व्ही. के. वेई (१९८१) यांच्या नावाने ही असमानता ओळखली जाते. पॉल तुरानचं १९४१ सालचं प्रसिद्ध प्रमेयही तिच्यातून निघतं. चिठ्ठ्या फक्त मनात काढलेल्या, पण निष्कर्षात ‘बहुधा’ हा शब्द कुठेच नाही.

स्वतंत्र संच एकूण किती, हा प्रश्न तर मला त्याहून प्रिय. प्रत्येक बिंदूला जास्तीत जास्त ५ शेजारी असतील, तर हा आकडा हव्या तितक्या अचूकतेने झटपट अंदाजता येतो, हे ड्रोर वाइट्झने २००६ मध्ये सिद्ध केलं. ६ शेजारी होताच ते अशक्यप्राय होतं, हे ॲलन स्लायने २०१० मध्ये दाखवलं. मर्यादा नेमकी इथेच का, याचं उत्तर प्रत्येक बिंदूला तितकेच शेजारी असलेल्या, फांद्या कधीच न संपणाऱ्या अनंत वृक्षात आहे. सगळे स्वतंत्र संच सारखेच संभाव्य मानून त्यांतला एक निवडला, तर दूरच्या फांद्यांवरच्या निवडीचा परिणाम बुंध्यापर्यंत पोचतो का? त्याचा निकाल एका अपूर्णांकावर ठरतो. तो १ पेक्षा मोठा असेल, तर परिणाम वाटेतच विरतो. ५ शेजाऱ्यांसाठी तो आहे २५६/२४३, एकाहून जेमतेम मोठा. ६ साठी ३१२५/४०९६, एकाहून लहान.