डोंगरावरची जमीन

व्यापारी कुटुंबात जमिनीची खरेदी ही काही नवी गोष्ट नाही. दुकानासाठी गाळा, मालासाठी गोदाम, मुलांच्या नावावर प्लॉट, कालव्याखालची बागाईत, अशा प्रत्येक खरेदीमागे काही ना काही हिशोब असतो. डोंगरावरची मोकळी जमीन मात्र यांपैकी कोणत्याच खात्यात नीट बसत नाही. तिच्यावर पीक नाही, भाडे नाही, पुष्कळदा रस्ताही नाही. चार दिवस मोकळ्या हवेत जावे, मुलांनी मनसोक्त धावावे, रात्री चांदणे पाहावे, एवढ्यासाठी ती घ्यायची असते. म्हणूनच ती घेताना मुरलेल्या व्यापाऱ्याचाही अंदाज चुकू शकतो.

फलटण येथील एका जैन कुटुंबात अशी जमीन घ्यावी, ही इच्छा प्रथम थोरल्या बंधूंनी बोलून दाखवली. कापडाची पेढी तीन पिढ्यांची. तिघे भाऊ, एकच चूल. थोरल्यांचे वय ५७. चाळीस वर्षे गादी, तागे आणि उधारीची वही यांच्यातच गेली होती. फलटणचा पाऊस वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि उन्हाळा असा की दुपारी पेठेत कुत्रेही फिरकत नाही. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरावर मात्र ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. एकाच जिल्ह्यातील हे दुसरे जग आपल्या नातवंडांना परके राहू नये, असे त्यांना वाटू लागले.

शोध साताऱ्याभोवती सुरू झाला, आणि ते स्वाभाविकच होते. शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसवलेले हे शहर आजही चालत फिरण्याजोगे आहे. राजवाडा, मंगळवार तळे, जुन्या पेठा, कंदी पेढ्यांची दुकाने आणि मान वर केली की किल्ला. शहर संपते तोच यवतेश्वराचा घाट सुरू होतो आणि पुढे वाट कासच्या पठारावर जाते. डोंगरात राहून औषध, धान्य आणि देवदर्शन यांसाठी तासाभरात गावात उतरता यावे, अशी ही जागा. फलटणहून साठ-पासष्ट किलोमीटरचा प्रवासही वृद्ध आईला झेपण्यासारखा.

दलालाने जमीन दाखवली ती भाद्रपदात. दोन गट मिळून सात एकर. उतारावर हिरवे गवत, कातळावर जांभळी-पिवळी फुले, खाली ढग. धाकट्या बंधूंनी तेथेच विसार देण्याची तयारी केली. थोरल्यांनी हात धरला. ओला कापूस तोलून घेऊ नये, हे त्यांनी वडिलांकडून शिकलेले होते. पावसाळ्यात डोंगर पाहून घेणे त्याहून वेगळे नव्हते. “चैत्रात पुन्हा येऊ,” एवढेच ते बोलले.

चैत्रात तोच डोंगर ओळखू येईना. अर्धा उतार वणव्याने काळा पडलेला, उरलेला पिवळा. फुले जेथे होती तेथे जांभ्याचा उघडा कातळ. त्यावर माती वीतभरसुद्धा नाही. एवढा पाऊस पडूनही तो सारा वाहून जातो, आणि होळीनंतर पाणी उरते ते एखाद्या झऱ्यालाच. असा एक झरा वरच्या गटात होता. खालच्या वाडीतील बायका हंडे घेऊन त्याच्याकडे जात होत्या आणि त्यांची पायवाट दोन्ही गटांमधून जात होती. पावसाळ्यात गवताने झाकलेली ती वाट आता पांढऱ्या दोरीसारखी स्पष्ट दिसत होती.

जमीनमालकाची म्हातारी आई बांधावर बसली होती. तिने किमतीविषयी चकार शब्द काढला नाही. “शेठ, गवात कापाया येऊ द्याल न्हवं?” तिने विचारले, “आन् ही वाट? झऱ्याला दुसरी वाट न्हाई बगा.”

या प्रश्नाचे उत्तर कागदात शोधावे, म्हणून कागद मागवले गेले. शेतजमीन घेण्यास कुटुंब पात्र होते; कारण नीरा उजव्या कालव्याखाली त्यांची वडिलोपार्जित शेती होती आणि नावे सातबाऱ्यावर होती. शेतकरी नसलेल्या माणसाला १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, आणि डोंगरावरची ओसाड दिसणारी जमीनही कागदोपत्री बहुधा शेतजमीनच असते. फिरण्याच्या हौसेपोटी विसार देऊन बसलेल्या अनेकांना हे उशिरा कळते.

वकिलांनी ३० वर्षांचा शोध घेतला. भोगवटादार वर्ग १ आहे की २, हे प्रथम पाहिले. वर्ग २ असेल तर विक्रीवर बंधने येतात. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याची नोंद सातबाऱ्यावर नाही, याची खात्री केली. डोंगरात ही तपासणी फार महत्त्वाची, कारण वनाची नोंद असलेल्या जमिनीवर पैसे देऊनही मालकी टिकत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे आणि कोयनेकडील जंगल अभयारण्यात आहे. तेव्हा हा गट नेमका कोणत्या हद्दीत येतो, हे गावनकाशावर पाहिले. मोजणी करून घेतली. सरकारी रस्त्यापासून गटापर्यंत गाडीवाट नव्हती. तहसीलदारांकडे कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. पण शेजाऱ्याशी दाव्याने आरंभ करून विश्रांती कशी मिळणार, असा प्रश्न वकिलांनीच केला.

या शोधात दोन गोष्टी समोर आल्या. वारस नोंद करताना मालकाच्या विवाहित बहिणीचे नाव लागलेले नव्हते. “तिचा अंगठा आणून देतो,” असे मालक म्हणाला. आणि इतर हक्कांचा रकाना कोरा होता. म्हातारीने विचारलेल्या वाटेचा कागदावर कोठेही मागमूस नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, पण लिहिलेली नव्हती.

मतभेद सुरू झाला तो येथून. धाकटे बंधू म्हणत, दोन्ही गट घ्यावेत, भोवती तारेचे कुंपण घालावे, जेसीबी लावून रस्ता काढावा आणि वर चार खोल्यांचे घर बांधावे. झरा आपल्या हद्दीत असल्याखेरीज तेथे राहणे अशक्य आहे. वाडीतील लोकांना टाकी बांधून देऊ. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा निराळाच होता: “आपण घेतला नाही, तर दुसरा कोणी घेईल. तो टाकीसुद्धा बांधून देणार नाही.” या बोलण्यात तथ्य नव्हते असे कोणी म्हणू शकत नव्हते.

थोरल्यांनी आकडे मांडले. रस्ता, कूपनलिका, विजेचे खांब, राखणदार आणि दर पावसाळ्यानंतरची डागडुजी यांची बेरीज जमिनीच्या किमतीच्या पुढे जात होती. डोंगराच्या उतारावर घर बांधायला निराळी परवानगी लागणार होती, आणि जेथे माती धरून ठेवायला केवळ गवत आहे, तेथे यंत्राने खोदले तर पहिल्याच पावसात काय खाली येईल, हे वाडीतील कोणीही सांगू शकले असते. कासच्या पठाराचे उदाहरणही घरात निघाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांसह ते जागतिक वारसा यादीत गेले. फुलांच्या रक्षणासाठी तेथे जाळीचे कुंपण घातले गेले. गुरांची चराई थांबली, गवत माजले, फुले कमी होत असल्याची चर्चा झाली आणि ते कुंपण पुढे काढावे लागले. डोंगर राखायचा म्हणजे माणसे आणि गुरे बाहेर ठेवायची, हे समीकरण तेथेही सरळ ठरले नव्हते.

आई हे सारे ऐकत होती. तिने परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेले; त्यात मर्यादा घालायच्या वस्तूंची यादी क्षेत्र आणि वास्तू यांपासूनच सुरू होते. मुलांच्या खरेदीला तिचे व्रत आड येत नव्हते आणि तिने ते आडही आणले नाही. घरी पाणी गाळल्यावर गाळण्यात उरलेले जीव त्याच पाण्यात परत सोडण्याचा तिचा नेम आजही चालू आहे. ती म्हणाली, “सातबाऱ्यावर तुमचे नाव लागेल रे. पण ज्या पाण्यावर सगळी वाडी जगते, ते आपल्या नावावर घेऊन आपण डोंगरावर काय विश्रांती घेणार?”

निर्णय व्हायला आणखी दोन महिने लागले. झऱ्याचा वरचा गट सोडून द्यावा आणि फक्त खालचा, सव्वातीन एकरांचा, घ्यावा असे ठरले. बहिणीला बोलावून घेतले. तिचे नाव रीतसर लावून, तिच्या हिश्श्याची रक्कम तिच्याच खात्यात देऊन, तिची सही घेतली. मालक त्यावर काही दिवस नाराज होता. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना, गटातून झऱ्याकडे जाणारी पायवाट वाडीच्या वहिवाटीस कायम खुली राहील, हे वाक्य घालण्यात आले. असे लिहिल्याने पुढे विकताना भाव पडेल, याची जाणीव वकिलांनी करून दिली होती. गवत दरवर्षी म्हातारीच्या घरचे कापतील, असेही ठरले. ते कापले जाते म्हणून उन्हाळ्यात वणव्याला खाद्य उरत नाही. हा लाभ त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

दिवाणजींनी विचारले, ही रक्कम कोणत्या खात्याला टाकायची? थोरल्यांनी ती घरखर्चाला टाकायला सांगितली. तीर्थयात्रेचा खर्च कोणी परत येईल म्हणून करत नाही, मग याचाच परतावा का पाहावा, असा त्यांचा विचार. हिशोबनिसाला तो पटला नाही. कागदोपत्री तिची नोंद रीतसर मालमत्तेतच झाली. पण त्या जमिनीचा आजचा भाव काय, हा विषय घरात त्यानंतर निघाला नाही.

तेथे अजून घर नाही. सकाळी निघून, घरून आणलेले जेवण जांभळीच्या झाडाखाली करायचे आणि दिवस मावळण्याच्या आत साताऱ्याला उतरायचे, असा क्रम आहे. थंडीत कधी मुले तंबू ठोकून राहतात. नातवंडांना आता कारवी ओळखता येते आणि ती सात वर्षांनी फुलते म्हणून पुढच्या बहरापर्यंत आपले वय किती होईल, याचा हिशोब ती करतात. पाणी वाडीतूनच मागून घ्यावे लागते. त्या निमित्ताने दोन्हीकडची माणसे एकमेकांना नावाने हाक मारू लागली आहेत. धाकटे बंधू येतात, पण घर असते तर आईला रात्री राहता आले असते, हे त्यांचे म्हणणे कायम आहे, आणि ते खोटेही नाही.

वरचा गट अद्याप मूळ मालकाकडेच आहे. दर भाद्रपदात फुले आली की दलालांच्या गाड्या त्या उतारापर्यंत येतात. तो गट उद्या कोणाकडे जाईल हे थोरल्या बंधूंच्या हाती नाही. झऱ्याकडे जाणारी निम्मी वाट मात्र आता लिहून ठेवलेली आहे.