पदरचं काही न घालता

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक पांढरा फळा आहे. त्यावर नावं नसतात, आद्याक्षरं असतात. त्यांच्यापुढे वॉर्ड, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलेली एक तारीख. इंग्लंडच्या १९८३च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम २खाली एखाद्याला तपासणीसाठी मनाविरुद्ध इस्पितळात ठेवलं, तर ते जास्तीत जास्त २८ दिवस. पण त्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागायची, तर अर्ज पहिल्या १४ दिवसांतच जायला हवा. लाल तारीख म्हणजे तो चौदावा दिवस. सकाळी आल्यावर अंगातला कोट काढायच्या आधी मी तो रकाना वाचते.

मिडलंड्समधल्या एका शहरात, मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत, मी सात ॲडव्होकेटांच्या गटाची समन्वयक आहे. साताऱ्याला आईशी फोनवर बोलताना 'ॲडव्होकेट' म्हटलं की तिला काळा कोट आणि कोर्टाच्या पायऱ्या दिसतात. आमच्यातलं कुणीही वकील नाही. एक बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, एक गृहस्थ बस चालवायचे, दोघी जणी स्वतः कधीकाळी याच कायद्याखाली वॉर्डात राहून आलेल्या आहेत. २००७च्या दुरुस्तीनं रुग्णाला अशा माणसाचा हक्क दिला आणि एप्रिल २००९पासून तो अमलात आला. डॉक्टर, नर्स, नातेवाईक यांपैकी कुणाच्याही हाताखाली नसलेला, वॉर्डात येऊन एकांतात भेटणारा, रुग्णानं होकार दिला तर त्याची फाइल वाचणारा आणि त्याचं म्हणणं जिथं पोचायला हवं तिथं नेणारा माणूस. गरज पडली तर मोफत वकील मिळवून देणं हेही त्याच्याच कामात येतं.

मराठीत त्याला काय म्हणावं, यावर मी बरीच वर्षं अडले होते. 'कैवारी' जवळचा वाटायचा. पण कैवार घेणारा समोरच्यावर काय अन्याय झाला ते स्वतःच ठरवून मोकळा होतो. शेवटी आजीमुळे शब्द सापडला. लहानपणी ती मला वरच्या आळीत निरोप घेऊन पाठवायची आणि उंबऱ्यापाशी थांबवून बजावायची, "सांगितलंय तेवढंच सांग. पदरचं काही घालू नकोस." निरोप्या. इतका साधा शब्द.

आणि इतकं अवघड काम. सोमवारी सकाळी आम्ही सगळे एकत्र बसतो. मागच्या आठवड्यातल्या भेटी एकेक करून सांगितल्या जातात. परवा आमची सर्वांत तरुण सहकारी म्हणाली, "त्याला घरी जायचंय. पण मला मनापासून वाटतं की त्यानं अजून थोडं राहावं. मग मी त्याची बाजू कशी मांडू?" हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, आणि प्रत्येक वेळी तो खराच असतो. न्यायाधिकरणात एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि एक तिसरा जाणकार सदस्य बसतो. शिवाय वॉर्डाचे अहवाल असतात. त्याच्या भल्याचा विचार करणारी इतकी माणसं त्या खोलीत आधीच असतात. आपलं भलं त्यांत मिळवून काय वाढणार? म्हणून त्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारते: "ती व्यक्ती काय म्हणाली?" सारांश नको, अर्थ नको. तिचे शब्द.

अनेकदा त्या शब्दांत सुटकेची मागणी नसतेच. चार्जरची वायर परत हवी असते. रात्री दर तासाला तोंडावर पडणारा टॉर्चचा उजेड नको असतो. इंजेक्शन शुक्रवारऐवजी सोमवारी हवं असतं, कारण शनिवारी मुलगी भेटायला येते आणि तिच्यासमोर डोळे मिटायला लागतात. महापालिकेला दर तिमाहीला जो हिशोब जातो, त्यात भेटी आणि तास मोजले जातात. तोही मी मन लावून भरते, कारण त्याच पैशावर हे काम चालतं. पण मिटणाऱ्या डोळ्यांसाठी त्यात रकाना नाही, आणि तो असावा असं मला तीव्रतेनं वाटतं.

या कामाचा एक पूर्वज मला फार जवळचा वाटतो. स्पेन्सर पर्सिव्हल या ब्रिटिश पंतप्रधानाची १८१२ साली हत्या झाली. त्याच्या जॉन नावाच्या मुलाला पुढे वेड लागलं, आणि १८३०च्या दशकात काही वर्षं त्याला खासगी वेड्यांच्या इस्पितळांत ठेवलं गेलं. बरा झाल्यावर त्यानं तिथले अनुभव दोन खंडांत लिहिले. आपण आजारी होतो हे तो नाकारत नाही. त्याचा संताप वेगळाच आहे: आपल्याशी जे केलं जात होतं ते आपल्याला कुणी सांगत नव्हतं, विचारत नव्हतं, जणू आपण लाकडाचा तुकडा. १८४५ साली त्यानं आणि त्याच्यासारख्यांनी संस्था काढली. 'वेडे म्हटल्या गेलेल्यांचे मित्र' असा तिच्या नावाचा अर्थ. त्यातल्या 'म्हटल्या गेलेल्यांचे' या शब्दांपाशी मी दर वेळी थांबते.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी एकदा माझा पाय घसरला, तो मराठीत.

त्या आठवड्यात गटातले दोघे रजेवर होते आणि फळ्यावर नव्या वॉर्डातल्या एक बाई आल्या होत्या: वय सत्तरीच्या पुढे, कलम ३, म्हणजे सहा महिन्यांपर्यंत, भाषा मराठी. फोनवरच्या दुभाष्याशी त्या बोलत नव्हत्या. केस मी घेतली. (ओळख पटेल असे तपशील मी इथं बदलले आहेत.) मी "नमस्कार आजी" म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तू कुणाची गं?" गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि तोंडातून गोळी काढून लपवल्याचं सांगितलं. मी म्हणाले, "आजी, घ्याव्यात हो गोळ्या. तुमच्या भल्यासाठीच आहेत." त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर त्यांचा मुलगा उभा होता. "ताई, तुम्ही आपल्या आहात. तुम्हीच समजवा तिला."

गाडीत बसल्यावर मला मामा आठवला. मी आठवीत होते. जीपमध्ये बसवताना त्याला घरातल्या सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, तुझ्या भल्यासाठीच. तेव्हा आपल्याकडे १९१२चा कायदा चालू होता, ज्याच्या नावातच 'ल्युनसी' होतं. आता २०१७चा कायदा आहे. तो आपला प्रतिनिधी स्वतः नेमू देतो, पुढे आजारी पडलो तर उपचार कसे हवेत-नकोत ते आधी लिहून ठेवू देतो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क देतो. तो मनापासून चांगला कायदा आहे. वकील नसलेला, नुसता शेजारी येऊन बसणारा माणूस मात्र त्यानं नेमलेला नाही. मामाजवळ कुणीच बसलं नाही. मीही नाही.

सोमवारी मी हे गटाला सांगितलं. इंग्रजीत मी ॲडव्होकेट असते. मराठीत मी क्षणात कुणाची तरी लेक झाले होते, आणि लेकीला आजीचं भलं कळतं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बस चालवणाऱ्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "पण त्या काय म्हणाल्या?"

दुसऱ्या दिवशी परत गेले. माफी मागितली, खुर्ची ओढली आणि गप्प बसले. वीसेक मिनिटांनी आजी बोलल्या. गोळीनं हात थरथरतो, जपमाळ धरवत नाही. मी बोलते ते मुलाला सांगू नका. आणि खिडकी उघडा, वीतभर तरी.

मधली गोष्ट माझ्या हाडीमांसी रुजलेल्या समजुतीविरुद्ध जाणारी होती. आईचं मुलाला सांगायचं नाही? पण इथल्या कायद्यात रुग्णाची इच्छा नसेल तर जवळच्या नातेवाइकाला त्याच्या स्थानबद्धतेबद्दलची माहिती पाठवत नाहीत. मी बाहेर येऊन म्हटलं, "दादा, मी त्यांच्याकडून आले आहे." त्याचा चेहरा पडला. तो वाईट मुलगा नव्हता, रोज डबा आणणारा होता. त्याला धीर देणारं दुसरं माणूस मी त्याच दिवशी गाठून दिलं. ते मी स्वतः होऊ शकत नव्हते.

डॉक्टरांच्या बैठकीत आजींचे शब्द मी इंग्रजीत ठेवले, होते तसे. थरथर तपासायचं ठरलं, डोसाचा फेरविचार करायचं ठरलं. मी खोलीवर परतले तेव्हा आजी पलंगाच्या कडेला ताठ बसल्या होत्या.

"काय सांगितलंस?"

मी एकेक वाक्य मराठीत परत म्हटलं. त्या ऐकत राहिल्या.

"आणि खिडकीचं?"

ते राहिलं होतं. मी उठले आणि परत बैठकीच्या खोलीत गेले.