बेझंट म्हणजे कोण हो?

होस्टेलवर पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारले जातात. ब्रँच कोणती? आणि आडनाव काय? दुसऱ्या प्रश्नामागे काय दडलेलं असतं ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ते राहू दे. मी सांगणार आहे एका परक्या आडनावाबद्दल.

मी वरळीची. नाक्यावरून नेहरू सेंटरकडे जाणारा आमचा रस्ता म्हणजे डॉ. ॲनी बेझंट रोड. शाळेत या बाई दोन मार्कांच्या टिपेत संपल्या : १९१६ ची होमरूल लीग आणि १९१७ चं काँग्रेसचं अध्यक्षपद. पण बेझंट म्हणजे काय? गेल्या सुट्टीत लायब्ररीत ठाण मांडून शोधून काढलं.

तर मंडळी, बेझंट हे चक्क एक नाणं आहे! बायझँटियम म्हणजे आजचं इस्तंबूल. तिथली सोन्याची मोहर मध्ययुगात युरोपभर चालायची. शहराच्या नावावरून तिचं नाव पडलं बेझंट. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशहाने सुरू केलेलं हे नाणं जेमतेम साडेचार ग्रॅमचं, पण पुढे कित्येक शतकं त्यातलं सोनं फारसं घटलं नाही. (मेटलर्जीवाल्यांनी नोंद घ्यावी.) अशी नाणी आपल्या दक्षिण भारतातही सापडली आहेत.

इंग्लंडात ज्याच्या खिशात पैसा खुळखुळायचा, किंवा जो टांकसाळीत नाणी पाडायचा, त्याला लोक बेझंट म्हणू लागले आणि ते नाव घराण्याला चिकटलं. म्हणजे आपले पोतदारच की! सरकारी खजिन्यातली नाणी पारखून घेणारा तो पोतदार. आमच्या कोळीवाड्यातले वरळीकर गावावरून झाले. यांचं मात्र शहरावरून नाणं आणि नाण्यावरून माणूस.

खरी गंमत पुढेच आहे. हे आडनाव बाईंचं नव्हतंच! १८४७ साली जन्मल्या तेव्हा त्या वुड, म्हणजे आपल्या भाषेत 'राने'. १८६७ मध्ये फ्रँक बेझंट या पाद्र्याशी लग्न झालं. पटलं नाही. १८७३ मध्ये वेगळ्या झाल्या. देवधर्म न मानणारी आई म्हणून १८७८ मध्ये कोर्टाने मुलीचा ताबाही काढून घेतला. आडनाव मात्र बाईंनी ठेवलं. त्याच नावाने भाषणं गाजवली, पुस्तकं लिहिली, १८९३ मध्ये भारतात आल्या आणि १९३३ मध्ये अड्यारला गेल्या. फ्रँकसाहेबांच्या नावाचा रस्ता काही माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं मी ताईला सांगितलं, त्याला कारण आहे. ताईचा घटस्फोट झाला. बँक, पॅन, नोकरी, मुलाची शाळा, सगळीकडे सासरचं आडनाव. आई म्हणते, आता माहेरचं लाव. शेजारणी म्हणतात, अजून त्यांचंच कशाला? प्रत्येक फॉर्मवर तिचं पेन त्या रकान्यापाशी अडतं.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दहा वर्षं या नावाने मी राबलेय गं. ते आता त्यांचं कुठे राहिलंय?"

मला पटलं. नाण्यावर छाप कुणाचाही असो, बाजारात ते चालतं आतल्या सोन्यावर.

असो. तुमच्या आडनावाची गोष्ट काय? मेसमध्ये भेटलात की सांगा. जात विचारत नाहीये, गोष्ट विचारतेय!